धनुष्य सगळ्यात शेवटी घ्या

मुलीला धनुर्विद्येला घालायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो धनुष्याचा. कुठलं घ्यायचं, कितीला पडेल, ऑनलाइन मागवलं तर चालेल का. महिन्याभरात एखादं चकचकीत खोकं येतं. त्यातलं धनुष्य मुलीच्या खांद्याला झेपत नाही, सोबत आलेले बाण त्या धनुष्याला जुळत नाहीत आणि दिवाळीपर्यंत सगळा पसारा माळ्यावर जातो. चाळिशीतल्या हौशी माणसाचंही हेच होतं, फक्त खोकं जरा महागाचं असतं. महाराष्ट्रात या खेळात शिरायचं तर क्रम उलटा धरावा: आधी ग्राउंड, मग प्रशिक्षक, मग रबर, मग क्लबचं धनुष्य, आणि स्वतःचं अगदी शेवटी.

हा क्रम इथल्या खेळाच्या वाढीतूनच आला आहे. आपल्याकडे धनुर्विद्या मोठ्या शहरांतल्या जिमखान्यांतून पसरली नाही. ती सातारा, अमरावती, बुलढाणा, नागपूर, पुणे अशा ठिकाणी एखादा चिकाटीचा प्रशिक्षक आणि एक मोकळी जमीन यांच्याभोवती वाढली. साताऱ्यात प्रवीण सावंत यांची दृष्टी अकादमी उसाच्या शेतांच्या सोबतीने उभी राहिली. तिथली अदिती स्वामी आणि नागपूरहून तिथे शिकायला आलेला ओजस देवतळे हे दोघे 5 ऑगस्ट 2023 ला, एकाच दिवशी, बर्लिनमध्ये कंपाउंड (चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) प्रकारात वैयक्तिक जगज्जेते झाले. अदिती तेव्हा 17 वर्षांची होती आणि तिच्याआधी भारताला धनुर्विद्येत वरिष्ठ गटात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळालंच नव्हतं. ओजसने अंतिम सामन्यात 15 बाणांत 150 पैकी 150 गुण मारले. त्याच जुलैमध्ये साताऱ्याचाच पार्थ साळुंखे आयर्लंडमधल्या लिमरिकला 21 वर्षांखालील रिकर्व्हचा (बिनचाकाचं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) युवा जगज्जेता झाला होता. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्या वर्षीच्या शांघाय विश्वचषकात माइक श्लोसरसारख्या अव्वल खेळाडूला अंतिम सामन्यात हरवलं.

या सगळ्यांच्या आधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव होता. क्रीडा प्रबोधिनीत तो आला अ‍ॅथलेटिक्ससाठी, वळला धनुर्विद्येकडे, पुढे सैन्यात गेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियन खेळाडूला हरवून आला. त्याला धनुष्य कुणी दुकानातून आणून दिलेलं नव्हतं. निवड चाचणी, निवासी प्रबोधिनी, सरकारी साहित्य, मग पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, असा तो रस्ता आहे. ज्या घरात लाखाचं धनुष्य परवडणारं नाही, त्या घराने पहिली चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात प्रबोधिनीच्या चाचण्यांची करावी.

ग्राउंड बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या पदकांचे फोटो बघू नका, शूटिंग लाइन बघा. सगळे एकाच रेषेवर उभे राहून मारतात का? सगळ्यांचे बाण संपेपर्यंत कुणी पुढे जात नाही ना? शिट्टी वाजते का? दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण काढायला चला, आणि सलग पाच किंवा जास्त म्हणजे जिथे आहात तिथे थांबा, बाण उतरवा. रोजच्या सरावात हे पाळणारं ग्राउंड चांगलं. जिथे एकजण 30 मीटरवर लक्ष्य लावून उभा आहे, दुसरा त्याच्याच बाजूला 50 वर, आणि पुढचा बाण काढत असताना मागचा ताणतोय, तिथून मुलाला घेऊन सरळ परत यावं. फी कितीही कमी असली तरी.

लक्ष्याच्या मागेही नजर टाका. चाळीस पाउंडांच्या (म्हणजे ताणायला तेवढी ताकद लागणाऱ्या) धनुष्यातून चुकून वर सुटलेला बाण दीडदोनशे मीटर सहज जातो. म्हणून मागे मातीचा उंच बांध हवा, नाहीतर जाळी, नाहीतर पायवाट, गुरं, शेतमजूर यांपासून लांबवर मोकळी असलेली जमीन. ऊस उभा असेल तर बाण अडतो खरा, पण सापडत नाही. आणि तुटलेल्या कार्बन बाणाचा धारदार तुकडा चाऱ्यात जाणं किती वाईट, हे ज्याच्या घरी जनावरं आहेत त्याला सांगायला नको. बाण हरवला तर तो सापडेपर्यंत शोधणारा प्रशिक्षक कंजूष वाटतो. तो कंजूष नसतो.

बट म्हणजे ज्यावर कागदी लक्ष्य चिकटवतात तो जाड चौकोन. आता बहुतेक ठिकाणी फोमच्या पट्ट्या दाबून चौकटीत बसवलेले बट असतात, जुन्या ठिकाणी पेंढ्याचे. पेंढ्याचा बट पावसात कुजतो आणि मधोमध पोकळ झाला की बाण आरपार जाऊन पिसं सोलवटून निघतात. फोमची तऱ्हा निराळी. वेगाने घुसणाऱ्या बाणाच्या घर्षणाने फोम वितळून दांड्याला चिकटतो, मग बाण काढायला दोघं लागतात. दांड्याच्या पुढच्या बोटभर भागावर कोरडा साबण घासला की हा त्रास बराच कमी होतो. बाण काढताना एक तळहात बटावर टेकवायचा, दुसऱ्या हाताने बाण बटाच्या अगदी लगत धरून सरळ मागे ओढायचा. वाकवायचा नाही. आणि मागे कुणी उभं नाही हे आधी बघायचं, कारण नॉकचं (बाणाच्या मागच्या खाचेचं) टोक बरोबर मागच्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतं.

आता रबर. पहिले दोन-तीन आठवडे धनुष्य हातात न देणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका. व्यायामाचा रुंद रबरी पट्टा घेऊन आरशासमोर उभं राहायचं, पावलं खांद्याइतकी फाकवून, धनुष्याचा हात समोर सरळ, दुसऱ्या हाताने हनुवटीखालपर्यंत ताणायचं. इथे शिकायच्या गोष्टी तीनच. धनुष्याच्या हाताचा खांदा कानाकडे चढू द्यायचा नाही. कोपर बाहेरच्या बाजूला वळवायचं. ताण दंडाने घ्यायचा नाही, पाठीच्या पात्यांनी घ्यायचा. खांदा चढवून मारणाऱ्याला वर्षभरात खांद्याचं दुखणं लागतं आणि कोपर न वळवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात: सुटलेली दोरी हातावर आतल्या बाजूला असा फटका देते की काळंनिळं होतं. आर्मगार्डने डाग पडत नाही, पण चूक तिथेच राहते. फटका बसत असेल तर धनुष्य तळव्यात फार खोल धरलंय का, तेही बघावं. ग्रिपचा दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर हवा आणि बोटं सैल.

कुठला डोळा प्रबळ, तेही याच वेळी ठरवायचं. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटी खिडकी करा, तिच्यातून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीत राहते तो प्रबळ. उजवा डोळा प्रबळ असेल तर धनुष्य डाव्या हातात आणि दोरी उजव्या हाताने. हात उजवा आणि डोळा डावा असणारे बरेच निघतात. त्यांना सुरुवातीलाच डोळ्याप्रमाणे धनुष्य धरायला लावणं बरं. पहिला महिना अवघड जातो, पण तिसऱ्या वर्षी बदलण्यापेक्षा ते सोपं.

मग क्लबचं धनुष्य, आणि तेही हलकं. शाळकरी मुलांना 14 ते 18 पाउंड, मोठ्या बायकांना 16 ते 20, पुरुषांना 20 ते 24. हा आकडा ऐकून बापमाणसं हिरमुसतात. जिममध्ये 60 किलो उचलणाऱ्याला 22 पाउंडाचं धनुष्य दिलं की त्याला अपमान वाटतो. पण एकदा ताणायचं नसतं. दिवसाला 60 वेळा ताणून, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद स्थिर धरून, तीच हालचाल तशीच करायची असते. चाळिसाव्या बाणाला हात थरथरला की शरीर पळवाट शोधतं: मान पुढे येते, कंबर मागे झुकते, ताण पूर्ण व्हायच्या आत दोरी सुटते. मग त्या साठ बाणांत चूकच पक्की होते. इथल्या ग्राउंडवर सगळ्यात जास्त मुलं बिघडतात ती याच एका कारणाने. पुढच्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे, 70 मीटर पोचलं पाहिजे, म्हणून पाउंडेज वाढवलं. बाण पोचतो आणि मुलगा संपतो.

पहिले बाण तीन ते पाच मीटरवरून, बटावर कागद न लावता मारायचे. नजर लक्ष्यावर नको, हालचालीवर हवी. डोळे मिटूनही मारायला लावतात. पालकांना हे फार कंटाळवाणं वाटतं आणि ते विचारतात, लक्ष्यावर कधी मारणार? सहाच्या सहा बाण ताटलीएवढ्या जागेत येऊ लागले की 10 मीटर, मग 18, मग 30. मागे सरकायचं ते ग्रुपिंग (बाण किती जवळजवळ येतात ते) बघून, तारीख बघून नव्हे. बाण सगळे डावीकडे पण एकत्र असतील तर मूल तयार आहे, साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) हलवली की ते मधे येतील. दोन दहात आणि चार सगळीकडे विखुरलेले असतील तर अजून नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कडक हवी: बाणाशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जाणारी सगळी ताकद मग धनुष्याच्या लिम्बमध्येच (वाकणाऱ्या दोन्ही बाहूंमध्येच) फुटते. लाकडी लिम्ब चिरते, कंपाउंडच्या केबल चाकावरून उतरतात आणि एखाद्याचा चेहराही फुटतो. घरी पाहुणे आले की त्यांना धनुष्य हातात द्यायचं नाही, कारण प्रत्येक पाहुणा पहिलं हेच करतो.

इथे आणखी एक वाट आहे, तिच्याकडे शहरातली माणसं वळून बघत नाहीत: इंडियन राउंड. बांबू-लाकडाचं धनुष्य, साइट नाही, क्लिकर (ताण पूर्ण झाल्याचं टिक्‌ करून सांगणारी पट्टी) नाही, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) नाही, अंतरं 50 आणि 30 मीटर. काही हजारांत सगळं साहित्य येतं. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली अशा भागांत, जिथे घरात तिरकमठा बघितलेला असतो, तिथल्या मुलांना हा प्रकार जवळचा वाटतो. नेम बाणाच्या टोकाने धरायचा: 30 मीटरला टोक लक्ष्याच्या कुठे ठेवायचं, 50 ला कुठे, हे प्रत्येकाने आपल्या धनुष्यापुरतं शोधून डोक्यात बसवायचं. ताण दर वेळी सारखा झाला का, हे सांगायला काही यंत्र नाही, म्हणून हात हनुवटीखाली एकाच जागी टेकणं हाच सगळा आधार. बांबू हवेप्रमाणे वागतो, पावसाळ्यात मऊ पडतो, दिवसभर दोरी चढवून ठेवला तर ताकद कमी होते. म्हणून सराव संपला की दोरी उतरवायची. या प्रकाराला आंतरराष्ट्रीय स्पर्धा नाही, धाव राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतच. पण इंडियन राउंडमध्ये पक्का अँकर, म्हणजे हात टेकायची जागा, बसलेलं मूल रिकर्व्हवर आलं की साइट मिळाल्याच्या आनंदात भराभर पुढे जातं.

स्वतःचं रिकर्व्ह घ्यायची वेळ साधारण सहा महिन्यांनी येते, आणि तेव्हा थोडं गणित करावं. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंचात माप घ्या, अडीचने भागा. 65 इंच आलं तर ताणाची लांबी 26 इंच. 26 पर्यंत 66 इंची धनुष्य, 27-28 ला 68, त्यापुढे 70. लिम्बवर छापलेलं पाउंडेज 28 इंचांच्या ताणाला मोजलेलं असतं आणि दर इंचाला साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे 24 लिहिलेलं लिम्ब 26 इंच ताणणाऱ्या मुलीच्या बोटांवर 20 भरतं. हे न सांगणारे दुकानदार पुष्कळ आहेत.

पैसे घालायचे तर रायझरमध्ये, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागात, घाला. हल्ली बहुतेक धातूच्या रायझरना आयएलएफ नावाची सामाईक जोडणी असते, त्यावर कुठल्याही कंपनीची लिम्ब बसतात. रायझर पाच-सात वर्षं टिकतं, पण वाढत्या वयात लिम्ब दर सहा महिन्यांनी बदलावी लागतात, एका वेळी दोन ते चार पाउंड. म्हणून पहिली लिम्ब स्वस्तातली, शक्यतो ग्राउंडवरच्या मोठ्या मुलांनी सोडलेली घ्यावीत. जुनी लिम्ब घेताना टोकांकडून डोळा लावून बघा, पीळ दिसला तर नको. थरांच्या कडेवरून नख फिरवा, अडकलं तर थर सुटायला लागलाय. दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा. पायात अडकवून, मांडीवर वाकवून चढवायची पद्धत बघायला झकास दिसते आणि लिम्ब पिळवटून ठेवते.

बाणांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळं लक्ष धनुष्य खातं आणि गुण बाण खातात. बाणाच्या दांड्यावर 1000, 800, 600 असे आकडे असतात. दांडा 28 इंचांवरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध साधारण 880 ग्रॅम वजन टांगलं तर तो एका इंचाच्या किती हजारांश वाकतो, तो हा आकडा. 1000 म्हणजे पूर्ण इंचभर वाकणारा लवचिक, 500 म्हणजे निम्माच वाकणारा ताठ. आकडा मोठा तितका बाण मऊ. बोटांनी सोडलेली दोरी सरळ पुढे जात नाही, आधी थोडी बाजूला सरते, त्यामुळे बाण रायझरला वळसा घालताना पाण्यातल्या माशासारखा वळवळत निघतो. ती वळवळ धनुष्याच्या ताकदीशी जुळली तर तो अंग न घासता पुढे जातो. न जुळल्यास कितीही चांगलं मारा, ग्रुप बसत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. 18 मीटरवर पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे दोन, बाकी सगळं तंतोतंत सारखं, एकाच नेमाने मारा. उजव्या हाताने ताणणाऱ्याचे बिनपिसांचे बाण पिसांच्या ग्रुपच्या उजवीकडे गेले तर बाण मऊ पडतोय, डावीकडे गेले तर ताठ. मऊ असेल तर पुढचं टोक हलकं लावा, दांडा थोडा कापा किंवा लिम्ब-बोल्टने पाउंडेज थोडं उतरवा. ताठ असेल तर याच्या उलट. शेवटची बारीक दुरुस्ती बटनच्या (रायझरमधून बाणाला बाजूने टेकणाऱ्या खिळ्याच्या) स्प्रिंगने: मऊला स्प्रिंग घट्ट, ताठला सैल. बिनपिसांचे बाण ग्रुपच्या वर किंवा खाली जात असतील तर तो दोष बाणाचा नाही, दोरीवरच्या नॉकिंग पॉइंटचा, म्हणजे बाण अडकवायच्या खुणेचा. बिनपिसांचा खाली गेला तर नॉकिंग पॉइंट थोडा खाली आणायचा, वर गेला तर वर. सुरुवात काटकोनाच्या चार-पाच मिलिमीटर वरून करावी. पण हे सगळं ज्याचे पिसांचे बाण आधीच एका जागी येतात त्यानेच करायचं. ग्रुप नसलेल्याने बटन फिरवत बसणं म्हणजे दुपार वाया घालवणं.

वाढत्या मुलांचे बाण ताणापेक्षा दीड-दोन इंच लांब ठेवा. आखूड बाण ताणताना रेस्टवरून (बाण टेकतो त्या आधारावरून) मागे येऊन घसरला तर सुटताना धनुष्याच्या हातात घुसतो. आणि कार्बन बाण मारण्याआधी रोज दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवायचा, फिरवत फिरवत. करकर आवाज आला, तडा दिसला, की तो मोडून कचऱ्यात. एक बाण वाचवायच्या नादात हातात कार्बनच्या काड्या घुसलेल्या माणसाला नुसता बाण स्वस्त वाटतो.

हवा हा इथल्या खेळाचा दुसरा प्रशिक्षक. साताऱ्याकडे जून ते सप्टेंबर शूटिंग लाइनवर शेड लागते, बट उघड्यावर भिजतात, खरी पिसं ओली होऊन निजतात. म्हणून पावसात प्लॅस्टिकची पिसं, म्हणजे वेन किंवा स्पिनविंग. दोरी मेणवायची, टॅबचं (बोटांवरच्या आवरणाचं) चामडं वाळवायचं, कारण भिजलेल्या चामड्यावरून दोरी उशिरा सुटते आणि बाण भरकटतात. साइटला गंज चढतो, सुटकेसमध्ये सिलिकाच्या पुड्या टाकाव्यात. विदर्भात उलट दुखणं. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवलं तर लिम्बचे थर सुटू शकतात. बाणाचं टोक गरम गोंदाने बसवलेलं असतं, उन्हात तापलेल्या बाणातलं ते सैल होतं आणि बाण बटातून येतो, टोक आत राहतं. परत बसवताना ज्योत टोकाला दाखवायची, दांड्याला नाही. कार्बन तापला की त्याचा राळ मरतो.

वाऱ्याचं गणित अंतर ठरवतं. रिकर्व्हचा बाण 70 मीटर जायला सव्वा सेकंदाच्या आसपास घेतो, कंपाउंडचा 50 मीटरला त्याच्या निम्माच. सव्वा सेकंद वारा बाणाला ढकलत असतो, आणि 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं. बटावरचं निशाण फडफडतंय ते एकीकडे आणि शूटिंग लाइनवरचं गवत दुसरीकडे झुकलंय, असं असतं तेव्हा साइटला हात लावू नये, नेम थोडा वाऱ्याकडे सरकवावा. साइट हलवली की वारा पडतो, हा सगळ्यांचा अनुभव.

रिकर्व्ह की कंपाउंड, यावर ग्राउंडवर तासन्तास वाद चालतो. कंपाउंडला ताण पूर्ण झाल्यावर हातावर वजन फार कमी उरतं, 60 पाउंडांचं धनुष्य धरून ठेवताना 12 ते 20 पाउंडच भरतं. दोरी सोडायला रिलीज एड, दोरीत बघायचं छिद्र म्हणजे पीप, भिंगाची साइट. गुण भराभर चढतात, म्हणून पालकांना ते आवडतं. पण खर्च लाखांत, आणि केबल बदलायला, ताणाची लांबी सुधारायला बो-प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो. तालुक्याच्या गावात प्रेस नसतो, मग बारीकशा दुरुस्तीसाठी धनुष्य बसने पुण्याला पाठवायचं. आजवर कंपाउंड ऑलिंपिकमध्ये नव्हतं, त्यामुळे सरकारी मदतीत ते मागे राहिलं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतोय, आणि तेव्हापासून बारा वर्षांची मुलंही कंपाउंड मागू लागली आहेत. माझं मत जुनाट आहे: दोन वर्षं रिकर्व्ह किंवा इंडियन राउंड, मग हवं तर कंपाउंड. पाठीने ताणायला शिकलेलं शरीर कुठेही चालतं.

स्पर्धेच्या दोन वाटा आहेत आणि नवे पालक त्यांची गल्लत करतात. एक शालेय: शाळेतून जिल्हा, विभाग, राज्य, वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील, अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे. दुसरी संघटनेची: जिल्हा संघटनेत नोंद, मग राज्य निवड चाचणी, मग राष्ट्रीय. दोन्हींकडे वेगळी नोंदणी लागते. जन्माचा दाखला उशिरा काढलेला असेल तर वयाच्या पडताळणीत अडतो, तो कागद आधीच नीट करून ठेवा. प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फोल्डरात जपा, मूळ प्रती. पुढे सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, आणि तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा सहभागाचा कागद शोधताना घर उलथंपालथं होतं.

पहिल्या स्पर्धेच्या दिवशी पिशवीत जादा दोरी असावी, ताणून बसवलेली, नॉकिंग पॉइंट लावलेली, त्यावर निदान शंभर बाण मारलेले. जादा नॉक, टॅब, सहा-कोनी चाव्या, पाणी, टोपी, पेन. फेरी 72 बाणांची, एकूण 720. त्यात 600 म्हणजे बाणाला सरासरी 8.33, आणि रिकर्व्हमध्ये पहिला उंबरठा तोच मानतात. बाद फेरीत रिकर्व्हचे सेट असतात, तीन-तीन बाणांचे, सेट जिंकला की दोन गुण, सहा गुणांना सामना. कंपाउंडमध्ये 15 बाणांची सरळ बेरीज. म्हणून रिकर्व्हवाल्याने एखादा पाच मारला तर त्या सेटवर पाणी सोडून पुढे जाता येतं, कंपाउंडवाल्याला तो पाच शेवटपर्यंत वाहावा लागतो.

लक्ष्यापाशी गेल्यावर गुण लिहून होईपर्यंत बाणाला, कागदाला, बटाला हात लावायचा नाही. बाण रेषेला नुसता टेकला असला तरी मोठा गुण मिळतो, शंका असेल तर बाण काढण्याआधी पंचांना हाक मारायची. गुण मोठ्यापासून लहानाकडे लिहायचे. बेरीज स्वतः करायची, सही करण्याआधी. सही झालेल्या कागदावर मग रडून उपयोग होत नाही, आणि जिल्हा स्पर्धांत बेरजेतले दहा गुण असे गेलेले दिसतात. बाण काढताना प्रत्येक छिद्रावर पेनने दोन छोट्या रेघा मारायच्या. मुलं याचा कंटाळा करतात. पण पुढच्या एंडला (बाणांच्या पुढच्या खेपेला) बाण लक्ष्याला लागून, उसळून खाली पडला, की पंच येऊन खूण नसलेलं छिद्र शोधतात, आणि आधीची छिद्रं खुणेशिवाय सोडलेली असतील तर तो दहा होता हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.